तपासणीला मामालाही न्या

पत्र असं आहे :

"मॅडम, आम्ही विक्रोळीला राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला मैदानावर पळायला जातो आणि दोन महिन्यांत तीनदा पडून आला. अंधारात त्याला लहानपणापासून कमीच दिसतं. जिन्यात लाइट गेली की हात धरून वर आणायचो. मायनस सहाचा चष्मा आहे, म्हणून वाटायचं नंबरामुळे असेल. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप टाकून पडदा बघितला आणि म्हणाले, कडेला डाग असल्यासारखं वाटतंय, पण नंबर मोठा असल्याने छातीठोकपणे सांगत नाही, ईआरजी करून आणा. घरात आणखी कुणाला आहे का, तेही विचारलं. माझ्या भावाला पंचेचाळिशीतच जवळजवळ दिसेनासं झालंय. तो गावी पाटणला असतो, तिकडे काचबिंदू म्हणाले होते. ईआरजीत डोळ्याला विजेचा करंट देतात असं शेजारच्या वहिनी म्हणतात. मुलाचे वडील म्हणतात, बरं होणारच नसेल तर पैसे कशाला घालवायचे. आणि खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या मुलीचं लग्न याच भावाच्या मुलाशी करायचं चाललंय. तपासणीत काही निघालं तर ते मोडेल. करू की नको? — एक आई, विक्रोळी"

ताई, आधी करंटचं बघू, म्हणजे वहिनींची भीती बाजूला ठेवून बाकीचं बोलता येईल. तुमच्या सासऱ्यांचा किंवा कुणाचा तरी ईसीजी काढलेला तुम्ही पाहिला असेल. छातीला वायरी लावतात, कागदावर रेघ येते, पण शॉक कुणाला बसत नाही, कारण वीज हृदयाची असते आणि मशीन ती फक्त टिपतं. ईआरजी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा ईसीजी. पडद्यावर उजेड पडला की तिथल्या पेशींत बारीकशी विद्युत हालचाल होते, ती मोजायची. बारीक म्हणजे किती? घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५ लाख मायक्रोव्होल्ट. निरोगी पडद्याची सगळ्यात उंच लाट काही शे मायक्रोव्होल्टची. ती पकडताना आमचीच तारांबळ उडते. शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावला तरी रेघ थरथरते.

तुम्ही मॅडम म्हणालात, पण मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांच्या तपासण्या करणारी आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयात २७ वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून हीच तपासणी केली. त्यामुळे औषध सांगणार नाही. तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढं मात्र खात्रीने सांगते.

ही काही नव्याने निघालेली, पैसे काढायची टूम नाही. १८६५ साली स्वीडनमध्ये होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या डोळ्यावर ही वीज पहिल्यांदा मोजली, तेव्हा आपल्या व्हीटीच्या इमारतीचा पायाही खणला नव्हता. १९४५ मध्ये कार्पे यांनी ती रुग्णांसाठी नीट वापरात आणली. १९८९ पासून तर किती वेळ अंधार, किती तीव्रतेचा प्रकाश, हे सगळं जगभर ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे मुंबईत काढलेला रिपोर्ट हैदराबादच्या किंवा चेन्नईच्या डॉक्टरला सरळ वाचता येतो. याचा तुम्हाला पुढे उपयोग होईल.

आता खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे मुलगा घाबरणार नाही. आधी बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकतात. मग कपाळ आणि डोळ्यांच्या बाहेरचे कोपरे खरखरीत पेस्टने घासून पुसतात. (इथे माझी कळकळीची विनंती, त्या दिवशी डोक्याला तेल लावून पाठवू नका. आया मुलाला चापूनचोपून तेल लावून, भांग पाडून आणतात आणि मग कपाळावरचं इलेक्ट्रोड काही चिकटत नाही. अर्धा तास स्पिरिटने पुसण्यात गेलेला आहे माझा.) मग वीस मिनिटं पूर्ण अंधार. मोबाइल बंद, घड्याळाचा दिवाही झाकलेला. एवढ्या वेळात अंधारात काम करणाऱ्या पेशी जाग्या होतात. नंतर मिणमिणत्या लाल दिव्यात डोळा बधिर करायचा थेंब टाकून खालच्या पापणीच्या आत केसापेक्षा बारीक चंदेरी धागा ठेवतात, तोच आमची तार. दिवा लालच का, तर अंधारातल्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यांची झोपमोड होत नाही... म्हणजे उलटं, त्यांचं जागेपण मोडत नाही. पूर्वी फोटो धुवायच्या खोलीत लाल दिवा असायचा, साधारण तसंच.

मग हनुवटी टेकवून एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसायचं. अर्धं कलिंगड कोरून आत तोंड घातल्यासारखं. आत मधूनमधून चमक होते. आधी इतकी मंद की काही झालं का, असं पोरं विचारतात, मग जोराची. दर चमकेला स्क्रीनवर एक लाट उठते. नंतर दहा मिनिटं घुमटातच लख्ख उजेड ठेवतात आणि उजेडातल्या पेशींची परीक्षा घेतात. शेवटी सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा प्रकाश. दुखत काही नाही, कंटाळा मात्र येतो. डोळे मिटले की लाट बिघडते, म्हणून "बाळा, उघडे ठेव, उघडे ठेव" हे मी दिवसभर म्हणायचे. घरी झोपेतही म्हणते, असं आमचे हे सांगतात.

आता या लाटांवरून कळतं काय? पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी. दंडपेशी सुमारे १२ कोटी, त्या अंधुक उजेडात आणि कडेचं दाखवतात. शंकुपेशी ६० लाखांच्या आसपास, त्या दिवसाउजेडी, रंग आणि बारीक अक्षरं दाखवतात. डॉक्टर टॉर्च मारून पडदा बघतात तेव्हा त्यांना पडद्याचं रूप दिसतं, काम दिसत नाही. ईआरजी काम दाखवते आणि दोघींचं वेगवेगळं दाखवते. मंद चमकेला फक्त दंडपेशी उठतात. तीसच्या लुकलुकीला दंडपेशींचा वेग पुरत नाही, तिथे फक्त शंकुपेशी उरतात.

जोराच्या चमकेची लाट आधी खाली जाते आणि मग वर चढते. तुमच्या मुलासाठी सगळं मर्म इथे आहे. खाली जाणारा भाग म्हणजे उजेड टिपणाऱ्या पेशींनी निरोप पाठवला. वर चढणारा भाग म्हणजे पुढच्या पेशींनी तो घेतला. निरोपच नीट निघत नसेल तर दोन्ही भाग खुजे येतात. निघाला पण पुढे कुणी घेतलाच नाही, तर लाट खाली जाते आणि वर येतच नाही.

तुम्ही लिहिलंय, लहानपणापासून अंधारात दिसत नाही आणि नंबर मोठा आहे. हे दोन अगदी वेगळ्या आजारांत जमतं. एक रेटिनायटिस पिगमेंटोसा, डॉक्टर ज्याला आरपी म्हणतात. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. यात दंडपेशी हळूहळू मरतात, नजर कडेकडून आत आवळत येते आणि पुढे शंकुपेशीही जातात. दुसरा जन्मजात रातांधळेपणाचा असा प्रकार, की जो आहे तेवढाच राहतो. माणूस सत्तरीचा झाला तरी दिवसा आपलं काम करतो, फक्त रात्री चाचपडतो. यात पडदा बघायला जवळजवळ नेहमीसारखाच असतो आणि मोठ्या मायनस नंबरचा पडदा तसाही ताणलेला, फिकट, त्यामुळे नुसतं बघून चकवा बसतो. तुमच्या डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही हा त्यांचा प्रामाणिकपणा. ईआरजीत हे दोन आजार दोन गावांसारखे वेगळे दिसतात. पहिल्यात लाटेचे दोन्ही भाग खचलेले, तीसच्या लुकलुकीची लाट उशिरा येणारी. दुसऱ्यात खाली जाणारा भाग चांगला ठसठशीत आणि वर चढणारा गायब.

एका मुलाला "हळूहळू नजर जाणार आहे, तयारी कर" सांगायचं, की "एवढंच आहे, वाढणार नाही, रात्री टॉर्च ठेव" सांगायचं, एवढा हा फरक आहे. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. बरं होणार की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी आहे काय ते तरी ठरू दे.

एक तिसरी शक्यता सांगते, ती माझ्या चुकीतून शिकलेली आहे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले, चाळिशीचे. रात्री दुकान बंद करून घरी जाताना गटारात पाय गेला होता. दंडपेशींची लाट बघितली तर सपाट, मुंगीएवढीही नाही. मी रिपोर्टवर अगदी ठामपणे लिहिलं आणि त्या गृहस्थांना तोंडानेही सांगून टाकलं, "आरपी दिसतोय, घराण्यात विचारा." मला तो अधिकारही नव्हता. तीन आठवड्यांनी आमच्या वरिष्ठ डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि मला विचारलं, "पोटाचं ऑपरेशन झालंय का, विचारलंस?" नव्हतं विचारलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याचा मोठा तुकडा काढला होता. अन्नातलं अ जीवनसत्त्व अंगी लागतच नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत, त्याच घुमटात त्यांची लाट उभी राहिली. मी बघतच राहिले. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण मधले तीन आठवडे ते आपल्या दोन मुलींकडे कसे बघत असतील, हे मला अजून सलतं.

तुमच्या मुलाला जन्मापासूनच आहे, तेव्हा हे असण्याची शक्यता कमी. तरी पोटाचे जुनाट विकार, कावीळ, यकृताचं दुखणं असेल तर डॉक्टरांना सांगा. कानाला कमी ऐकू येतं का, जन्मताना हातापायाला सहावं बोट होतं का, हेही सांगा. डोळ्याचा आजार कधी कधी एकटा येत नाही.

मुलगा किंवा तुम्ही रिपोर्टवर "प्रतिसाद नोंदवता येत नाही" असं वाचलंत, तर घाबरून जाऊ नका. सपाट ईआरजी म्हणजे आंधळा नव्हे. मांडवातली आरती गल्लीच्या टोकाला ऐकू येते ती सगळ्यांच्या आवाजाची बेरीज असते. पुढे बसलेल्या दोन आजींनी गाणं थांबवलं तर टोकाला कळत नाही आणि सगळे गप्प झाले, दोघीच गात राहिल्या, तर त्याही टोकाला ऐकू येत नाहीत. या दोन आजी म्हणजे पडद्याचा मधला बिंदू, ज्याने आपण वाचतो. सपाट लाट असलेली माणसं माझ्यासमोर तक्त्याची खालून दुसरी ओळ वाचून गेली आहेत. उलटही होतं. मधल्या बिंदूचाच आजार असेल तर ही तपासणी नॉर्मल येते आणि मग पडद्याच्या तुकड्यातुकड्याची वेगळी ईआरजी करावी लागते. तुमच्या मुलाची तक्रार अंधाराची, म्हणून त्याला साधीच पुरेल. सोबत दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर न हलवता कडेचं किती दिसतं त्याची तपासणी (फील्ड टेस्ट) आणि पडद्याचा ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचा फोटो, करायला सांगतील. ते मात्र ईआरजीच्या आधी लगेच नको. फोटोच्या लखलखाटाने पडदा दिपतो आणि आमची वीस मिनिटं वाया जातात. ईआरजी आधी, फोटो मग.

आता मामाकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य भावाचं वाटलं आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय.

काचबिंदूतही नजर कडेकडून जाते आणि आरपीतही. गावाकडे घाईत कुणी काचबिंदू म्हटलं असेल तर ते चूक ठरवायचा मला अधिकार नाही, पण पंचेचाळिशीत इतकं जाणं आणि भाच्याला रातांधळेपणा असणं, हे दोन्ही एका घरात आहे म्हटल्यावर ते पुन्हा बघायलाच हवं. भावाला फोन करून एकच विचारा : लहानपणी रात्री शेतावरून येताना तुला दिसायचं का? काचबिंदूवाला माणूस बहुतेक "हो" म्हणेल. "नाही, मी कायम कुणाच्या तरी मागेच चालायचो" असं उत्तर आलं, तर मामा-भाच्याचा धागा एकच असू शकतो.

धागा एकच असेल तर मामाचा पडदा आज काय दाखवतो, यावरून भाच्याच्या उद्याचा अंदाज येतो. मोठ्या नंबराखाली भाच्याच्या पडद्यावर जे अजून अस्पष्ट आहे, ते मामाच्या पडद्यावर पूर्ण लिहिलेलं असेल. आणि तुमचाही पडदा तपासून घ्या, ताई. तुम्हाला रात्री छान दिसत असलं तरी. आईकडून मुलाला जाणाऱ्या प्रकारात आईच्या पडद्यावर कधी कधी सोनेरी झाक दिसते, ईआरजीतही थोडा फरक सापडतो. एका घरातल्या तीन माणसांच्या तीन लाटा शेजारी ठेवल्या की डॉक्टर जे सांगू शकतात, ते एकट्या मुलाच्या लाटेवरून सांगता येत नाही.

लग्नाचं आता. मी हे तुम्हाला आकड्यांत सांगते, कारण असं घाबरत-घाबरत ठरवण्यापेक्षा आकडे बरे. ईआरजी कुठल्या पेशी आजारी आहेत ते सांगते, आजार घरात कसा उतरतो ते सांगत नाही. त्यासाठी रक्ताची जनुक तपासणी लागते. आणि जनुक तपासणीत काय शोधायचं हे ईआरजीवरून बरंच ठरतं, म्हणून आधी ती.

समजा हा आईकडून उतरणारा, एक्स गुणसूत्रावरचा आजार निघाला. भाऊ आणि मुलगा दोघांनाही आहे, म्हणजे तुम्ही वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी दोष पुढे देऊ शकणाऱ्या, हे धरून चालायचं. तुमची मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी. यात नवरा कोण आहे याने काहीही फरक पडत नाही. तुमच्या भावाच्या मुलाला हा दोष वडिलांकडून मिळूच शकत नाही, कारण बाप मुलाला एक्स देत नाही. म्हणजे हे स्थळ मोडून परक्या घरी दिली तरी गणित तेच. मात्र भावाला मुलगी असेल तर ती नक्की वाहक. तिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. मुलींना दिसत असतं म्हणून त्यांना कुणी तपासायलाच नेत नाही. तिलाही हे कळायला हवं.

आता समजा आजार दोन्हीकडून दोष आला तरच होणारा निघाला. मग चित्र पालटतं. तुमच्या भावाकडे दोन्ही प्रती दोषाच्या, म्हणून त्याच्या मुलाकडे एक असणारच. तुमच्या मुलीला स्वतःला त्रास नाही असं धरलं, तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. या दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, आजार होण्याची शक्यता सहात एक. परक्या घरी दिली तर ती फारच कमी होते. नात्यात मुलगी देण्यात आपल्याकडे बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या काही वावगं मानलेलं नाही, मीही मानत नाही, पण घरात असा आजार दिसत असताना आंधळेपणाने द्यायची नाही. तुमचं स्वतःचं लग्न नात्यातलं आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर पहिली शक्यता जास्त, असेल तर दुसरी वर येते. आणि भावाला खरंच काचबिंदूच असेल तर हे सगळं गणितच पुन्हा मांडायचं.

बघा, तुम्ही ज्या तपासणीला घाबरताय ती कदाचित हे लग्न वाचवेल. मोडलं तरी ते माहीत असून मोडेल, पाच वर्षांनी मांडीवरचं बाळ चाचपडायला लागल्यावर दोन्ही घरांनी एकमेकांना दोष देत नाही. जनुकाचा रिपोर्ट आला की मुलीला आणि भावाच्या मुलाला समोर बसवून समुपदेशकाकडून ऐकवा. ठरवायचं त्या दोघांनी आहे. तुम्ही लपवायचं ठरवलंत, तर त्यात मी तुमच्या बाजूने नाही, एवढं स्पष्ट सांगते.

यजमानांचा प्रश्न राहिला. आरपी निघाला तर तो मुळापासून बरा करणारं औषध आज बहुतेकांसाठी नाही. आरपीई६५ नावाच्या एकाच जनुकातल्या दोषासाठी जनुक उपचार आहे, त्याला अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याची किंमत दोन डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर लावली होती. इतर जनुकांवर प्रयोग चालू असतात. त्यात कधी जागा मिळायची तर आपला जनुक कोणता हे कागदावर हवंच. पण "काही करता येत नाही" हेही खरं नाही. आरपीत मोतिबिंदू लवकर येतो, तो काढता येतो. मधल्या बिंदूला सूज येते, तिच्यावर थेंब आणि गोळ्या आहेत. वर्षातून एकदा दाखवत राहिलं तर हातातली नजर टिकवायला मदत होते. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून स्वतः सुरू करू नका, काही पडद्याच्या आजारांत त्या अपाय करतात. आणि "स्टेम सेलचं इंजेक्शन, पंधरा दिवसांत फरक" अशी जाहिरात कुणी दाखवली तर तिथून उठून या. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका दवाखान्यात पैसे भरून अशी इंजेक्शनं दोन्ही डोळ्यांत घेतलेल्या तीन बायकांची नजर गेली, त्यावर २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहून आलं होतं.

भरतीचं मी मुलाशी बोलल्यासारखं लिहिते, त्याला वाचायला द्या. बाळा, रात्रीचा बंदोबस्त, रात्रीचा पाठलाग हे काम अंधारात न दिसणाऱ्या माणसाने करू नये, तुझ्यासाठीही आणि बाकीच्यांसाठीही. आतापासून दुसरा अभ्यास सुरू कर. रिपोर्ट हातात येईपर्यंत रात्री बाइकला हात लावू नकोस आणि पळायचंच असेल तर उजाडल्यावर पळ. फील्ड टेस्टचा कागद जपून ठेव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असलं की ते अल्पदृष्टीत मोडतं, मग समोरचं कितीही स्पष्ट दिसत असो. ठरावीक टक्केवारी भरली तर सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो, त्यात अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी वेगळा वाटा आहे. आज तुझं क्षेत्र मोठं असेल तर फारच छान, मग हे वाचलंच नाहीस असं समज.

ताई, कुठे करायची ते विचारलं नाहीत, तरी सांगते. जे.जे., केईएम, नायर, सायन यांपैकी जवळ पडेल तिथल्या नेत्र विभागात आधी चौकशी करा की ईआरजीचं मशीन चालू आहे का आणि तारीख कधीची मिळेल. तिथे नसेल तर तेच पुढची चिठ्ठी देतात. खासगीत गेलात तर पैसे आधी विचारा आणि एक गोष्ट आवर्जून मागा : नुसता "आरपीशी सुसंगत" असा एका ओळीचा रिपोर्ट नको, लाटांचे आलेख असलेली सगळी पानं हवीत. एका ओळीवरून दुसऱ्या डॉक्टरला काही करता येत नाही. घरी येताना मुलाची बाहुली मोठी झालेली असेल, गॉगल न्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलला चढू नका.

मामाला मात्र रात्रीच्या एसटीने बोलावू नका. सकाळी निघून उजेडात कुर्ला नेहरूनगरला उतरेल अशी गाडी सांगा. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, थेंबाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगा. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं चालू असतील तर तेही डॉक्टरांना बघायचं असतं. आणि उतरवून घ्यायला तुम्ही स्वतः जा, मुलाला एकट्याला पाठवू नका.